अठ्ठावीस बाजूंचे गाव

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला परके नाही. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली आले, आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले हे आडबाजूचे गाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांच्याही ओळखीचे झाले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये काढलेली संस्था, तिथे १८९६ साली आलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर, भुईमूग, रताळी, कस उतरलेली जमीन हे सारे आपण वाचलेले असते. कार्व्हर १९४३ च्या जानेवारीत वारले आणि संस्थेच्या आवारात, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शेजारी, त्यांना पुरण्यात आले. आपली ओळख बहुधा तिथेच थांबते.

त्यानंतर चौदा वर्षांनी ती दोन्ही थडगी टस्कीगी गावाबाहेर गेली. कुणी ती हलवली नव्हती. गावाची हद्दच त्यांना सोडून दुसरीकडे गेली होती.

१९५७ च्या जुलैपर्यंत टस्कीगी शहराची हद्द हा साधा चौरस होता. अलाबामाच्या विधिमंडळाने त्या साली १४० क्रमांकाचा कायदा केला आणि त्या चौरसातून एक अठ्ठावीस बाजूंची आकृती कोरून काढली. नकाशावर ती पाहिली की तुटक्या काचेचा तुकडा आठवतो. रेषा एका रस्त्याने जाते, मधूनच वळते, चार घरे टाळते, पुन्हा मागे येते. वळणांचा अर्थ कळायला त्या घरांत कोण राहत होते एवढे माहीत असले की पुरे. नव्या हद्दीने शहरातल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय मतदारांपैकी चारपाच सोडून सगळ्यांना शहराबाहेर घातले आणि एकाही गोऱ्या मतदाराला हात लावला नाही. संस्था बाहेर गेली, संस्थेतले प्राध्यापक बाहेर गेले, आणि ती थडगीही.

मतदारसंघांच्या सीमा सोयीप्रमाणे वाकवण्याला अमेरिकेत ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज जेरी यांच्या कारकिर्दीत एका मतदारसंघाला सॅलमँडर या प्राण्यासारखा आकार आला, त्यावरून हा शब्द निघाला. प्रभागरचनेचा आराखडा जाहीर झाला की आपल्या नगरपालिकांत हरकती-सूचनांची जी धांदल उडते, ती पाहिलेल्याला हा खेळ समजावून सांगावा लागत नाही. टस्कीगीत मात्र प्रभागाची नव्हे, शहराची हद्द बदलली होती. तिथे माणूस एका प्रभागातून दुसऱ्यात गेला नाही. सकाळी नागरिक असलेला माणूस संध्याकाळी शहराचा कुणीच उरला नाही. राज्याच्या आणि काउंटीच्या निवडणुकीत त्याचे मत शाबूत होते. पण त्याच्या दारातला रस्ता, त्याच्या आळीतला पोलीस, यांबद्दल बोलायचा अधिकार गेला. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द आपल्या भाषेत ज्या अर्थाने रुजला आहे, नेमका त्याच अर्थाने हे लोक गावकुसाबाहेर गेले. फरक इतकाच, की इथे माणसे जागच्या जागी राहिली आणि कुसू उचलून अलीकडे बांधले गेले.

हे करण्याची गरज का पडली, हे पाहिले पाहिजे. टस्कीगी हे मेकन काउंटीचे मुख्य ठिकाण. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका आणि जिल्हा यांच्या मधले काहीतरी. मेकनमध्ये दर सहा माणसांत पाच कृष्णवर्णीय होते. सत्ता मात्र गोऱ्यांच्या हाती होती. दक्षिणेतल्या इतर काउंट्यांतही असेच होते, पण तिथल्या काळ्या माणसाचे पोट गोऱ्या जमीनमालकावर अवलंबून असे. टस्कीगीत तसे नव्हते. संस्थेचे अध्यापक संस्थेकडून पगार घेत. १९२३ साली सुरू झालेल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले डॉक्टर आणि कर्मचारी केंद्र सरकारकडून. या लोकांना नोकरीवरून काढण्याची धमकी गावातला कुणी व्यापारी देऊ शकत नव्हता. उलट व्यापाऱ्याचा गल्लाच त्यांच्यावर भरत होता.

तरीही त्यांना मत मिळत नव्हते. चार्ल्स गोमिलियन हे समाजशास्त्राचे प्राध्यापक १९२८ मध्ये टस्कीगीला आले; मतदार म्हणून त्यांची नोंद व्हायला १९३९ साल उजाडले. १९४१ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘टस्कीगी सिव्हिक असोसिएशन’ उभी केली. नोंदणीसाठी आधीच्या मतदाराची साक्ष लागे, आणि व्यवहारात ती गोऱ्या मतदाराची लागे. काळ्या अर्जदारांना वेगळ्या खोलीत बसवून अमेरिकी संविधानाचे दुसरे कलम हाताने उतरवून काढायला लावत. ते कलम राष्ट्राध्यक्षपदाविषयीचे आणि चांगलेच लांब आहे. नोंदणी अधिकारी मध्येच राजीनामे देत आणि मंडळच बंद पडे. असोसिएशनचे विल्यम मिचेल या प्रकाराची टिपणे ठेवत गेले: कोण गेले, केव्हा गेले, काय उत्तर मिळाले. वर्षानुवर्षे ठेवलेल्या या रुक्ष नोंदींनी पुढे कोर्टात जे काम केले, ते कुठल्या भाषणाने केले असते असे मला वाटत नाही.

इतके अडथळे ओलांडून चारशे जण यादीत आले होते. वाट अशीच चालू राहिली तर नगरपालिका हातची जाणार, हे सॅम एंगलहार्ट यांनी ओळखले. ते मेकन काउंटीतले कापसाचे जमीनदार, राज्याचे सिनेटर आणि वंशभेद टिकवण्यासाठी निघालेल्या ‘व्हाइट सिटिझन्स कौन्सिल’ चळवळीचे पुढारी होते. १४० क्रमांकाचा कायदा त्यांचा. विधिमंडळात त्याच्या विरोधात एकही मत पडले नाही.

कायदा अजून व्हायचाच होता, तेव्हा २५ जून १९५७ रोजी बटलर चॅपल या चर्चमध्ये सभा भरली. सुमारे तीन हजार माणसे आली. आत मावली त्याहून अधिक बाहेर उभी राहिली. त्या दिवसापासून गावातल्या गोऱ्यांच्या दुकानांतली काळ्या गिऱ्हाइकांची खरेदी थांबली. ‘बहिष्कार’ हा शब्द मात्र कुणी उच्चारायचा नाही असे ठरले होते, कारण अलाबामात बहिष्काराविरुद्ध कायदा होता. घोषणा होती ती आपल्या मित्रांकडेच खरेदी करा एवढीच. मित्र कोण आणि कोण नाही, हे सांगायची गरज नव्हती. मंगळवारमागून मंगळवार चर्चमध्ये सभा होत राहिल्या आणि किराणा-कपडा आणायला लोक माँटगोमेरी, ऑबर्न अशा गावांना जाऊ लागले. राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल जॉन पॅटरसन यांनी असोसिएशनच्या कचेरीवर छापा घालून कागदपत्रे नेली आणि कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. १९५८ मध्ये अलाबामाच्याच गोऱ्या न्यायाधीशाने, विल वॉल्टन यांनी, निकाल दिला की माणसाने कुठे खरेदी करावी हा त्याचा प्रश्न आहे. तोवर चौकातली अनेक दुकाने बंद झाली होती. ज्या दुकानदारांसाठी ही हद्द आखली असे सांगितले जात होते, त्यांनाच ती पहिल्यांदा भोवली.

एंगलहार्ट तेवढ्यावर थांबले नाहीत. शहर आवळता येते, पण काउंटीचे काय? काउंटीत तर बहुसंख्या याहून मोठी. यावर त्यांनी काढलेला तोडगा पाहून आजही थक्क व्हायला होते: मेकन काउंटीच ठेवायची नाही. तिचे तुकडे करून शेजारच्या काउंट्यांना वाटून टाकायचे. १९५७ च्या डिसेंबरात अलाबामाच्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून हे करण्याची मुभा विधिमंडळाला दिली आणि त्यासाठी एंगलहार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. मग गणित आडवे आले. मेकनचा तुकडा घ्यायचा म्हणजे तिथली माणसे घ्यायची. आज ना उद्या ती माणसे मतदार होणार, आणि शेजाऱ्याच्या घरातली धास्ती आपल्या घरात येणार. जमीन हवी, माणसे नकोत, असा सौदा नकाशावर जमत नाही. योजना बारगळली. एंगलहार्ट पुढे पॅटरसन गव्हर्नर झाल्यावर राज्याच्या महामार्ग खात्याचे प्रमुख झाले.

इकडे कोर्टातली लढाई सुरू झाली होती. ‘गोमिलियन विरुद्ध लाइटफूट’ असे तिचे नाव. लाइटफूट हे टस्कीगीचे महापौर. वकील फ्रेड ग्रे, वय तिशीच्या आत, रोझा पार्क्स यांचे वकीलपत्र घेतलेले. कायद्याची स्थिती त्यांना प्रतिकूल होती. १९०७ सालच्या एका खटल्यात अ‍ॅलेगेनी हे लहान शहर मनाविरुद्ध पिट्सबर्गमध्ये विलीन केले गेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की शहरांच्या हद्दी हा राज्याच्या मर्जीचा विषय आहे. १९४६ मध्ये मतदारसंघांच्या एका खटल्यात न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी कोर्टाने राजकारणाच्या झुडपात शिरू नये असे लिहून ठेवले होते. याच आधारांवर जिल्हा न्यायालयात न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी दावा फेटाळला, आणि अपील न्यायालयानेही दोन विरुद्ध एक मतांनी तेच केले.

१९६० च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला सुनावणी झाली. ग्रे यांनी न्यायमूर्तींसमोर मोठा नकाशा ठेवला: बाहेर जुना चौरस, आत नवी आकृती. वादाचा निम्मा भार त्या नकाशाने उचलला. १४ नोव्हेंबरला निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती टस्कीगीच्या बाजूने होते आणि निकालपत्र लिहिले होते खुद्द फ्रँकफर्टर यांनी. स्वतःच्याच जुन्या मताला वळसा घालताना त्यांनी भेद केला तो असा: आधीच्या खटल्यात राज्याने काही केलेच नव्हते, लोकसंख्या सरकली तरी सीमा जुन्याच राहिल्या होत्या, इथे राज्याने मुद्दाम एका वंशाच्या माणसांना वेचून बाहेर काढले आहे. हद्द बदलण्याचे दुसरे कोणतेही कारण प्रतिवादींनी सांगितलेले नव्हते. सांगणार तरी काय? वंशावरून मताधिकार नाकारण्यास मनाई करणारी, १८७० सालची पंधरावी घटनादुरुस्ती या हद्दीने मोडली असे कोर्टाने ठरवले, आणि तो नकाशा निकालपत्राला परिशिष्ट म्हणून जोडला.

न्यायमूर्ती व्हिटेकर यांनी सहमतीचे छोटे वेगळे मत लिहिले, ते मला अधिक खोल वाटते. त्यांचे म्हणणे असे, की माणूस जिथे राहतो तिथे त्याला मत देता येत असेल, तर मताधिकार गेला असे म्हणणे अवघड आहे. इथला गुन्हा कुंपणाचा आहे. काही माणसांना त्यांच्या वर्णावरून एका विभागातून कुंपणाबाहेर काढून दुसऱ्यात घालणे हे विभक्तीकरण आहे, आणि ते समान संरक्षणाच्या हमीविरुद्ध आहे. गावकुसाची कल्पना ज्याच्या रक्तात आहे त्या मराठी वाचकाला व्हिटेकर लगेच पटावेत.

खटला परत जॉन्सन यांच्याकडे गेला आणि १९६१ च्या फेब्रुवारीत, ज्या न्यायाधीशाने दावा फेटाळला होता त्यानेच चौरस परत दिला. पुढच्या महिन्यात त्यांनी मेकनच्या नोंदणी मंडळालाही वठणीवर आणले. तिथे मिचेल यांच्या टिपणवह्या कामी आल्या.

यानंतर टस्कीगीत जे झाले ते विजयकथेत नीट बसत नाही. मतदार वाढले तसा प्रश्न आला, की आता बहुसंख्या आपली आहे तर सगळ्या जागा घ्यायच्या का? गोमिलियन यांचे उत्तर ‘नाही’ असे होते. ज्यांनी आपल्याला हद्दीबाहेर काढले त्यांच्याशी आपण तसे वागू नये, सत्ता दोघांनी मिळून चालवावी, असे ते म्हणत. तरुणांना हे गुळमुळीत वाटले, आणि त्यात त्यांचे सगळेच चुकले असे मला म्हणवत नाही. वीस वर्षे थांबलेल्याने आणखी थांबायला सांगितले की ऐकणाऱ्याचा धीर सुटतोच. १९६४ च्या निवडणुकीत तूर्त गोमिलियन यांचे चालले: नगरपरिषदेवर दोन कृष्णवर्णीय सदस्य आले, बाकीचे गोरेच राहिले. दोनच वर्षांनी काउंटीच्या शेरीफपदावर ल्यूशियस अ‍ॅमर्सन हे कृष्णवर्णीय निवडून आले, आणि १९७२ मध्ये जॉनी फोर्ड महापौर झाले. त्या सुमारास गोरी कुटुंबे गाव सोडून जात होती. ज्या मिश्र गावासाठी गोमिलियन झगडले, ते हद्द पूर्ववत होऊनही त्यांना पाहायला मिळाले नाही.

फ्रेड ग्रे टस्कीगीतच राहिले. १९७० मध्ये ते अलाबामाच्या विधिमंडळात निवडून गेले. त्यांच्याबरोबर निवडून आलेले टॉमस रीडही टस्कीगीचेच. अमेरिकी यादवीनंतरच्या पुनर्रचनेचा काळ संपल्यापासून त्या सभागृहात बसणारे हे पहिले दोन कृष्णवर्णीय सदस्य. १४० क्रमांकाचा कायदा एकाही विरोधी मताविना मंजूर करणारे विधिमंडळ तेच होते.