कॅम्पग्राउंडवरील जनरेटर

अमेरिकेतील कॅम्पग्राउंडवर आरव्हीला, म्हणजे चाकांवरच्या घराला, वीज पुरवणारे पेट्रोलचे छोटे जनरेटर, त्यांचा आवाज आणि त्याबाबतचे नियम हा या लेखाचा विषय. एकाच झाडीत कुणी तंबू ठोकतो, कुणी फ्रीज आणि मायक्रोवेव्हसह येतो. दोघांनी भरलेले भाडे बहुधा सारखेच असते आणि दोघांमध्ये भिंत नसते.

या शेजाराची मांडणी जुनी आहे. 1920च्या दशकात कॅलिफोर्नियातील रेडवुडच्या जंगलांत लोक मोटारी थेट बुंध्यापर्यंत नेत. मुळांवरची माती दबून घट्ट होई आणि झाडे खंगत. वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेके यांनी 1932 साली त्यावर आराखडा मांडला: एकेरी वळणरस्ता, त्याच्या कडेला एकेका मोटारीपुरती जागा, टेबल आणि चूल ठरल्या ठिकाणी. जंगल वाचवणारा हा साचा आजही बहुतेक ठिकाणी दिसतो, मात्र तो बेतला होता मोटार आणि तंबूसाठी.

पुढे सोयी वाढल्या. 1962 मध्ये मोंटानातील बिलिंग्ज येथे, सिएटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या प्रवाशांसाठी डेव्ह ड्रम यांनी यलोस्टोन नदीकाठी मुक्कामाची जागा उघडली. तिच्यातूनच केओए ही कॅम्पग्राउंडची साखळी उभी राहिली. खासगी कॅम्पग्राउंडवर आज वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी सर्रास मिळते. राष्ट्रीय उद्यानांतील बहुतेक जागांवर मिळत नाही. तिथे जनरेटर येतो.

राष्ट्रीय उद्यानांच्या नियमानुसार यंत्राचा आवाज 50 फुटांवर 60 डेसिबलांपेक्षा जास्त असू नये. भारतातील 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 आहे. मोजण्याची रीत वेगळी असल्याने तुलना काटेकोर नाही, तरी जंगलासाठी 60 हा आकडा फार सैल आहे. शिवाय अंतर निम्मे झाले की आवाज साधारण 6 डेसिबलांनी चढतो. शेजारचा तंबू 25 फुटांवर असेल, तर त्याच्या वाट्याला 66 येतात. यंत्र नियमात बसते आणि शेजाऱ्याची झोप मात्र उडते.

यंत्रेही सारखी नाहीत. बांधकामावरचा उघड्या सांगाड्याचा जनरेटर एकाच वेगाने धडधडत राहतो. इन्व्हर्टर जनरेटर विजेच्या मागणीप्रमाणे वेग बदलतो. होंडाच्या ईयू2200आय या मॉडेलचा आवाज 7 मीटरवर, भारानुसार, 48 ते 57 डेसिबल असतो. पण एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिन एकदम गुरगुरते, थोड्या वेळाने खाली बसते, पुन्हा उसळते. सलग आवाजाला कान सरावतो, या चढउताराला सरावत नाही. धुरात कार्बन मोनॉक्साइड हा जीवघेणा वायू असतो, म्हणून मालक जनरेटर आपल्या दारा-खिडक्यांपासून लांब ठेवतो. त्याचे हे करणे योग्यच असते; पण अनेकदा ते ‘लांब’ शेजाऱ्याच्या चुलीजवळ जाते.

त्यामुळे खरा आधार मीटरपेक्षा घड्याळाचा. योसेमिटीत सकाळी 7 ते 9, दुपारी 12 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 7 एवढ्याच वेळात जनरेटर चालवता येतो. यातली संध्याकाळची वेळ बोचते: चूल पेटवून माणसे गप्पांना बसतात आणि पाखरे घरट्याकडे परततात, तीच ही वेळ.

प्रत्येक सोय चैनीची नसते, हेही नोंदवले पाहिजे. झोपेत श्वास अडकणाऱ्या रुग्णाला सीपॅप यंत्र रात्रभर लागते, आणि जनरेटरला परवानगी नेमकी रात्रीच नसते. लिथियम बॅटरीने ही अडचण पुष्कळ सोडवली. पंखा, दिवे आणि सीपॅप तिच्यावर निमूट चालतात. सौरपट्ट्या उघड्या माळावर उत्तम, रेडवुडच्या दाट सावलीत जवळजवळ निरुपयोगी. एसी तर लहान बॅटरी भराभर रिकामी करतो.

युटामधील झायन उद्यानात उन्हाळ्यात पारा 38 अंशांवर जातो. तिथल्या वॉचमन कॅम्पग्राउंडवर बऱ्याच जागांना वीजजोडणी दिली आहे आणि जनरेटरला पूर्ण बंदी आहे. शेजारून व्हर्जिन नदी वाहते.