रॉकेलची बाटली आणि डायरसाहेबाची बिअर

हॉस्टेलवर चार वर्षं काढलेल्या इंजिनिअरला ओल्ड मंकची बाटली कशी दिसते हे सांगावं लागत नाही. (प्यायला असो वा नसो. खोलीत मनी प्लँट त्याच बाटलीत असतो!) पण लेबलवर बारीक अक्षरांत 'मोहन मीकिन' असं लिहिलेलं असतं, त्यातला मोहन कळला तरी हा मीकिन कोण, हा प्रश्न मला त्या चार वर्षांत एकदाही पडला नाही. परीक्षेत नव्हता ना!

प्रश्न पडला तो गेल्या दिवाळीनंतर, खालापूर तालुक्यातल्या आमच्या मामाच्या घरी.

झालं असं, की मामाने जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलंय. माळ्यावरचं सामान उतरवायला माणसं हवी होती, म्हणून शनिवारी पहाटे पुण्याहून निघून मी तिकडे हजर. पाट, तांब्याचा बंब, फुटकी कोयरी, मोडका पाळणा... आणि एका कोपऱ्यात चिंधीचं बूच मारलेली गडद तपकिरी काचेची बाटली. धूळ पुसली तर काचेतच उठवलेली इंग्रजी अक्षरं हाताला लागली, 'डायर मीकिन ब्रुअरीज'. म्हटलं, अरे, हा तर आपला मीकिन!

"मामी, ही बिअरची बाटली कुठली गं?"

"बिअरची कुठली? रॉकेलची आहे ती. सासूबाई कंदिलात ओतायला वापरायच्या. वास घे बघ."

वास होता. इतक्या वर्षांनंतरही होता.

रात्री आईला फोन करून सांगितलं, तर तिचं पहिलं वाक्य : "आप्पा पीत नव्हते हं!" मी विचारलंही नव्हतं.

आमच्या ऑफिसात एकाला बिअरच्या जुन्या वस्तू जमवायचा नाद आहे. बाटल्या, लेबलं, पत्र्याचे ट्रे, ग्लासाखाली ठेवतात त्या पुठ्ठ्याच्या चकत्या. त्या चकत्या जमवण्याच्या छंदाला इंग्रजीत टेजेस्टॉलॉजी असं भारदस्त नावही आहे. ब्रिटनमध्ये हे मोठं प्रकरण आहे. बर्टन-ऑन-ट्रेंटच्या 'बास' कंपनीचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, तारीख १ जानेवारी १८७६. फ्रेंच चित्रकार माने याने १८८२ च्या आपल्या बारच्या प्रसिद्ध चित्रात तीच त्रिकोणाची बाटली काढून ठेवलीय. तर अशा गोष्टी जमवणाऱ्या या मित्राला मी बाटलीचा फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "ब्रिटिशकालीन आहे. पाच हजार देतो. विकतोस?"

पाच हजार! रॉकेलच्या बाटलीचे! पण 'ब्रिटिशकालीन' हा शब्द मला खटकला. कशावरून? मग काय, रविवार त्यातच गेला.

सुरुवात डायरपासून. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या गोऱ्या पलटणींची बिअर बर्टनहून आणि लंडनहून पिंपांत भरून येई. जहाज केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणार, म्हणजे प्रवास महिनोन् महिन्यांचा. पुण्याच्या छावणीकडे जाणारा माल मुंबईहून होडीने पनवेलला आणि तिथून गाडीरस्त्याने बोरघाट चढून वर जाई. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा घाटरस्ता १८३० साली खुला केला. म्हणजे साहेबाची बिअर खालापूर-खोपोलीवरून बैलगाडीत डचमळत गेली असणार, आमच्या मामाच्या गावाच्या नाकासमोरून!

एवढा खटाटोप करण्यापेक्षा बिअर इथेच का बनवू नये? अडचण हवेची. बिअर आंबवताना थंडावा लागतो आणि तेव्हा रेफ्रिजरेशन नव्हतं. म्हणून ब्रुअऱ्या निघाल्या त्या डोंगरात. एडवर्ड डायरने हिमालयाच्या कुशीत कसौलीला ब्रुअरी काढली. कंपनी आपलं स्थापनावर्ष १८५५ सांगते. 'लायन' ही तिची बिअर. पुढे झऱ्याच्या मुबलक पाण्यासाठी बिअरचं काम जवळच्या सोलनला गेलं आणि कसौलीत डिस्टिलरी राहिली. मग १८८७ मध्ये एच. जी. मीकिन याने डायरकडून सिमला आणि कसौलीच्या जुन्या ब्रुअऱ्या विकत घेतल्या आणि आणखी काही ठिकाणी पसारा वाढवला. त्यात एक नाव आपल्या ओळखीचं आहे. खडकी! जिथे छावणी तिथे गिऱ्हाईक, साधा हिशेब.

आता डायर हे नाव वाचून तुमच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं. आणि हो, तेच. मरीच्या ब्रुअरीचं काम एडवर्ड डायर पाहत होता, तेव्हा १८६४ मध्ये मरीलाच त्याचा मुलगा जन्मला. त्याचं नाव रेजिनल्ड डायर. १३ एप्रिल १९१९ ला अमृतसरच्या जालियनवाला बागेत १६५० गोळ्या झाडायला लावणारा तो हाच. सरकारी आकड्यानुसार मेले ३७९, आणि हा आकडा कमी आहे असं तेव्हापासून म्हटलं जातं. मराठीत दारू म्हणजे पिण्याचीही आणि बंदुकीचीही. बापाने एक विकली, मुलाने दुसरी वापरली.

हे वाचल्यावर ती बाटली मी टेबलावरून उचलून खाली ठेवली. उगाचच. बापाचा त्यात काय दोष? पण ठेवली खरी.

पुढची गोष्ट व्हर्जन हिस्टरीसारखी आहे. पहिल्या महायुद्धानंतर डायर आणि मीकिन या कंपन्या एक झाल्या. १९३७ मध्ये ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला, तेव्हा इथल्या मालमत्तेची 'डायर मीकिन ब्रुअरीज' अशी कंपनी उभी राहिली. १९४९ मध्ये एन. एन. मोहन यांनी लंडनला जाऊन तिचे बहुसंख्य शेअर्स विकत घेतले. १९५४ मध्ये ओल्ड मंक आली. १९६० च्या दशकात डायर हे नाव गळलं आणि मोहन हे नाव लागलं. मीकिन मात्र आजपर्यंत चिकटून आहे. गंमत म्हणजे ओल्ड मंक घराघरांत (बरं, हॉस्टेलाहॉस्टेलांत) पोचवणारे कपिल मोहन, जे २०१८ च्या जानेवारीत गेले, ते स्वतः दारू पीत नव्हते असं त्यांच्याविषयी सांगतात.

आणि याच मोहन घराण्याच्या काळात ज्या नव्या ब्रुअऱ्या उभ्या राहिल्या, त्यांत लखनौ आणि गाझियाबादच्या जोडीला होती आपली खोपोली. एव्हाना रेफ्रिजरेशन आलं होतं, त्यामुळे डोंगरातल्या थंड हवेची गरज उरली नव्हती. हवं होतं ते पाणी, वीज, रस्ता आणि जवळ मोठं गिऱ्हाईक. खोपोलीत १९१५ पासून टाटांचं जलविद्युत केंद्र, घाटावरच्या तलावांचं पाणी टर्बाइन फिरवून पाताळगंगेत उतरणारं, दारात मुंबई-पुणे रस्ता, आणि रेल्वे तर १८५६ पासून. ज्या वाटेवरून विलायती बिअर नुसती पुढे जायची, त्याच वाटेवर ती बनायला लागली.

मग आमची बाटली कुठली? खोपोलीचं नाव तिच्यावर नाही. 'डायर मीकिन ब्रुअरीज' हे नाव १९३७ ते १९६० च्या दशकापर्यंतचं, म्हणजे बाटली या मधली. पहिली बारा वर्षं मालकी इंग्रजांची, पुढची मोहन यांची. काच तीच, नाव तेच. आता आप्पा. ते नोकरीला होते खडकीला, आणि आईच्या सांगण्याप्रमाणे लागले १९५५ च्या सुमारास. म्हणजे बाटली इंग्रज गेल्यानंतरची असण्याची शक्यता जास्त.

पण १९५५ मध्ये तर मुंबई राज्यात दारूबंदी! १९४९ चा कायदा झाला आणि १९५० पासून बंदी लागू झाली. (तो कायदा बदल होत होत अजूनही आहे. हॉटेलवर 'परमिट रूम' ही पाटी दिसते ती त्याचीच आठवण.) मात्र लष्कराच्या मेस आणि कँटीनना त्यात वेगळी तरतूद होती. खडकीसारख्या छावणीत रिकाम्या बाटल्या निघत असणारच. म्हणून आईला पुन्हा फोन केला.

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "अरे, आप्पा रविवारी छावणीतल्या भंगारवाल्याकडून बाटल्या आणायचे. धुऊन गावाला आणायचे. चार आण्याला विकायचे घरोघर, रॉकेलला, तेलाला. पगारात भागायचं नाही. तुझ्या मामाची आणि माझी फी त्यातनं गेली. लोक म्हणायचे, दारूच्या बाटल्या विकतो. आईला ते फार लागायचं."

आता कळलं, "पीत नव्हते हं" हे वाक्य इतक्या तयारीने का आलं ते. साठेक वर्षं ते ओठांवरच होतं.

जुन्या बाटल्यांचं एक असतं. कारखान्यात परत आलेली बाटली गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतात, लेबल निघून जातं, बाटली पुन्हा भरून बाहेर. म्हणून जुनी लेबलं इतकी दुर्मिळ, आणि काचेत उठवलेलं मालकाचं नाव तेवढं टिकतं. डायरचं नाव टिकलं, मीकिनचं टिकलं. ती धुणाऱ्याचं, भरणाऱ्याचं, डोक्यावरून गावात नेऊन विकणाऱ्याचं नाव कुठल्याच काचेवर नसतं. संग्रह करणारा जे वाचता येतं तेच जमवणार, त्याला तरी काय बोल लावायचा?

मित्राला खरं ते कळवलं, की बाटली बहुतेक १९४९ नंतरची आहे, ब्रिटिशकालीन म्हणता येणार नाही. तो म्हणाला, "मग दोन हजार." प्रामाणिक इतिहासाची किंमत वजा तीन हजार! :-)

विकली नाही. नव्या घरात मामा एक काचेचं कपाट करणार आहे, त्यात ती ठेवायची असं ठरलंय. मामीची अट एकच, आधी नीट धुवायची, रॉकेलचा वास जायला हवा. मी म्हटलं, मामी, तेवढं मात्र करू नको. आणि एका चिठ्ठीवर आप्पांचं नाव, खडकी, चार आणे, असं लिहून ती दोऱ्याने बाटलीच्या गळ्याला बांधून आलोय.

पुढच्या वेळी जाईन तेव्हा बघू, चिठ्ठी आहे का ते.