१९९१ ची वर्ल्ड सिरीज

१९९१ ची वर्ल्ड सिरीज ही अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलची त्या वर्षीची अंतिम मालिका होती. १९ ते २७ ऑक्टोबर १९९१ या काळात खेळल्या गेलेल्या या मालिकेत अमेरिकन लीगचा विजेता मिनेसोटा ट्विन्स आणि नॅशनल लीगचा विजेता अटलांटा ब्रेव्हज हे संघ आमनेसामने आले. ट्विन्सने मालिका ४–३ अशी जिंकली. सातपैकी पाच सामन्यांचा निकाल एका धावेने लागला आणि तीन सामने अतिरिक्त डावांत गेले. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासातील सर्वांत चुरशीच्या मालिकांमध्ये तिची गणना होते.

पार्श्वभूमी

१९९० च्या हंगामात दोन्ही संघ आपापल्या विभागात शेवटच्या स्थानावर होते. १६२ सामन्यांपैकी ट्विन्सने ७४, तर ब्रेव्हजने केवळ ६५ सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षी ट्विन्सने ९५ आणि ब्रेव्हजने ९४ विजय मिळवून विभागीय विजेतेपद पटकावले. त्यानंतर ट्विन्सने टोरोंटो ब्लू जेजचा, तर ब्रेव्हजने पिट्सबर्ग पायरेट्सचा पराभव केला. एका वर्षी तळाशी राहिलेल्या संघाने पुढच्या वर्षी लीगचे विजेतेपद मिळवावे, असे विसाव्या शतकात त्यापूर्वी घडले नव्हते. १९९१ मध्ये ते दोन्ही लीगमध्ये एकाच वेळी घडले.

दोन्ही संघांना नव्या खेळाडूंचा मोठा लाभ झाला. ट्विन्सने पिचर जॅक मॉरिस याला करारबद्ध केले. तो मिनेसोटातीलच सेंट पॉल शहराचा रहिवासी होता. ब्रेव्हजकडे आलेला टेरी पेंडलटन त्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ट्विन्सचे व्यवस्थापक टॉम केली, तर ब्रेव्हजचे बॉबी कॉक्स होते.

निकाल

* पहिला सामना (१९ ऑक्टोबर, मिनियापोलिस): ट्विन्स ५, ब्रेव्हज २
* दुसरा सामना (२० ऑक्टोबर, मिनियापोलिस): ट्विन्स ३, ब्रेव्हज २
* तिसरा सामना (२२ ऑक्टोबर, अटलांटा): ब्रेव्हज ५, ट्विन्स ४ (१२ डाव)
* चौथा सामना (२३ ऑक्टोबर, अटलांटा): ब्रेव्हज ३, ट्विन्स २
* पाचवा सामना (२४ ऑक्टोबर, अटलांटा): ब्रेव्हज १४, ट्विन्स ५
* सहावा सामना (२६ ऑक्टोबर, मिनियापोलिस): ट्विन्स ४, ब्रेव्हज ३ (११ डाव)
* सातवा सामना (२७ ऑक्टोबर, मिनियापोलिस): ट्विन्स १, ब्रेव्हज ० (१० डाव)

सर्व सामने यजमान संघाने जिंकले. त्या काळी चार सामने घरच्या मैदानावर खेळण्याचा मान दोन्ही लीगना आलटून पालटून मिळत असे. १९९१ मध्ये तो अमेरिकन लीगकडे होता.

सहावा सामना

मालिकेत २–३ असे पिछाडीवर असलेल्या ट्विन्सला हा सामना जिंकणे अनिवार्य होते. आज संघाचा भार आपण वाहू, असे कर्बी पकेटने सामन्यापूर्वी सहकाऱ्यांना सांगितले होते. तिसऱ्या डावात त्याने सीमेवरील भिंतीलगत उंच उडी घेऊन रॉन गँटचा फटका झेलला. ११ व्या डावात चार्ली लीब्रँटच्या चेंडूवर होम रन मारून त्याने सामनाही संपवला.

सातवा सामना

निर्णायक सामन्यात मॉरिस आणि ब्रेव्हजचा जॉन स्मोल्ट्झ या दोन पिचरांनी प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव घेऊ दिली नाही. आठव्या डावात लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर असताना पेंडलटनने डाव्या-मध्य बाजूला दूरवर फटका मारला. या फटक्यावर स्मिथ होमपर्यंत पोहोचू शकला असता. मात्र चक नॉब्लॉक आणि ग्रेग गॅग्नी यांनी चेंडू आपल्याजवळच असल्याची बतावणी केली. स्मिथ दुसऱ्या बेसजवळ थबकला आणि त्याला तिसऱ्या बेसवरच थांबावे लागले. आपण फसलो नव्हतो, चेंडू नजरेआड झाला होता, असे त्याने नंतर सांगितले. एकही खेळाडू बाद नसताना दोन धावक दुसऱ्या व तिसऱ्या बेसवर होते. तरीही गँट बाद झाल्यावर आणि डेव्हिड जस्टिसला हेतुपुरस्सर पहिला बेस दिल्यावर सिड ब्रीमच्या फटक्यावर डबल प्ले झाला व ब्रेव्हजची संधी हुकली. त्याच डावाच्या उत्तरार्धात ट्विन्सचीही तीन बेस भरलेली असताना अशीच निराशा झाली.

नऊ डावांनंतर मॉरिसला विश्रांती देण्याचा केलींचा विचार होता. परंतु मॉरिसने खेळत राहण्याचा आग्रह धरला आणि दहावा डावही धावेविना पार पाडला. त्याने एकूण १२६ चेंडू टाकले. दहाव्या डावाच्या उत्तरार्धात बॅट तुटूनही डॅन ग्लॅडनने दुसरा बेस गाठला आणि नॉब्लॉकच्या बंटवर तो तिसऱ्यावर पोहोचला. ब्रेव्हजने पकेट आणि केंट हर्बेक यांना हेतुपुरस्सर बेस दिले. त्यानंतर बदली फलंदाज जीन लार्किनने पुढे सरकलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून फटका मारला व ग्लॅडनने विजयी धाव घेतली. सातवा सामना अतिरिक्त डावांत जाण्याची १९२४ नंतरची ही पहिलीच वेळ होती. मॉरिसला मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मिळाला.

वाद

ब्रेव्हजचे समर्थक कुऱ्हाड चालवल्यासारखा हात हलवून घोषणा देत. या प्रथेतून आपल्या संस्कृतीची विटंबना होते, असे सांगत अमेरिकेतील आदिवासी संघटनांनी मिनियापोलिसमध्ये मैदानाबाहेर निदर्शने केली. ‘अमेरिकन इंडियन मूव्हमेंट’ची स्थापना १९६८ मध्ये याच शहरात झाली होती.

परिणाम

ब्रेव्हजसाठी हा पराभव प्रदीर्घ यशाची सुरुवात ठरला. १९९५ मध्ये त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. पकेट (२००१), कॉक्स (२०१४), स्मोल्ट्झ (२०१५) आणि मॉरिस (२०१८) यांचा पुढे बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला.