ताऱ्यांचा प्रकाश तांबडा का होतो?

सातारा हे सांगलीपेक्षा सुमारे २०० मीटर उंचावर वसले आहे. साताऱ्याहून प्रकाशकिरण सांगलीस धाडला, तर उतरताना त्याची कंपनसंख्या किंचित वाढेल. उलट प्रवासात तितकीच घटेल. फरक सुमारे ४५ लाख कोटी भागांत एक. जिल्ह्याच्या व्यवहारात तो नगण्यच. ताऱ्यांच्या बाबतीत मात्र तसे नाही.

आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षणाविरुद्ध बाहेर पडणारा प्रकाश ऊर्जा गमावतो आणि वर्णपटातील रेषा तांबड्या बाजूस सरकतात. यालाच ताम्रसृती म्हणतात. तारा आपल्यापासून दूर जात असला तरीही त्या तशाच सरकतात. मिरजेची गाडी फलाट सोडून पुढे गेली की भोंग्याचा सूर उतरतो, तसा हा प्रकार. यातला गतीचा वाटा किती आणि गुरुत्वाचा किती, हे नुसत्या रेषेवरून कळत नाही.

व्याध ताऱ्याचा जोडीदार हा श्वेत बटू आहे. वस्तुमान जवळपास सूर्याइतके, आकार मात्र पृथ्वीहून थोडा लहान. वॉल्टर ॲडम्स यांनी १९२५ मध्ये त्याची ताम्रसृती मोजली. त्या काळच्या अपेक्षेशी ती जुळली आणि सिद्धांताचा पुरावा म्हणून गाजली. प्रत्यक्षात ती खऱ्या मूल्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकी होती. शेजारच्या प्रखर व्याधाचा प्रकाश मापनात मिसळला होता. जुळणारे उत्तर तपासण्याची घाई कोणास नसते! हबल दुर्बिणीतून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्य सेकंदाला सुमारे ८० किलोमीटर वेगाशी समतुल्य आहे. दोन्ही तारे एकत्र प्रवास करीत असल्याने त्यांची तुलना करून गतीचा वाटा वजा करता येतो.

न्यूट्रॉन ताऱ्यावर दोन्ही परिणाम प्रचंड असतात. सांगलीनजीकच्या कुरुंदवाड येथे १९५६ मध्ये जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांनी डोनाल्ड बॅकर आदींसमवेत १९८२ मध्ये शोधलेला स्पंदक सेकंदाला ६४२ वेळा स्वतःभोवती फिरतो. त्रिज्या दहा-बारा किलोमीटर धरल्यास त्याच्या विषुववृत्तावरील वेग प्रकाशवेगाच्या सुमारे सातव्या भागाइतका येतो. अशा ताऱ्यावरून निघणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी केवळ गुरुत्वामुळेच वीस टक्क्यांच्या आसपास वाढते.

आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराभोवती एस-२ हा तारा १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. मे २०१८ मध्ये तो सर्वांत जवळून गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,६५० किलोमीटर होता. त्याची कक्षा आधीच्या निरीक्षणांतून ज्ञात होती. नेहमीच्या गतीचा हिशेब वजा केल्यावरही सेकंदाला सुमारे २०० किलोमीटरइतकी ताम्रसृती शिल्लक राहिली. गुरुत्वाकर्षण आणि अतिवेगामुळे मंदावणारा काळ या दोहोंचा तो एकत्रित परिणाम होता.