दोन वाजून सहा मिनिटं

11 मार्च 2011, शुक्रवार. जपानच्या मियागी प्रांतातल्या ओशिका द्वीपकल्पावर तुम्ही उभे आहात. दुपारचे दोन वाजून सहा मिनिटं झालीत. थंडी बोचते आहे. शेजारी पाचेक मीटर उंचीचा स्टेनलेस स्टीलचा खांब आहे आणि त्याच्या माथ्यावर घुमटासारख्या टोपणाखाली अँटेना. हात लावून बघा, गार पडलाय. देशभर असे 1200 हून अधिक खांब आहेत. जीपीएस उपग्रहांचे संदेश पकडून जमीन किती सरकली ते मोजायचं, हे त्यांचं काम.

हेच खांब आभाळाचाही हिशेब ठेवतात. उपग्रहाचा संदेश दोन फ्रिक्वेन्सींवर येतो. वाटेत आयनांबर लागतं. तिथे, सुमारे तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्यकिरणांनी अणूंपासून सुटे केलेले इलेक्ट्रॉन दाट असतात. त्यांच्यातून येताना एक संदेश जास्त रेंगाळतो, दुसरा कमी. या फरकावरून वाटेत किती इलेक्ट्रॉन होते ते कळतं.

भूकंपाला चाळीस मिनिटं उरलीत, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. होक्काइदो विद्यापीठाचे कोसुके हेकी याच वर्षी पुढे शोधनिबंधात लिहिणार आहेत की साधारण याच वेळेपासून इथले इलेक्ट्रॉन वाढू लागले होते. मग खांबाने काढलेली इलेक्ट्रॉनांची रेघ बघा. उपग्रह सरकतो तशी तीही सावकाश वळते आहे. धोक्याचं काही दिसतंय? ओरडून गाव उठवावं असं?

दिसणार नाही. नेहमीची पातळी कोणती हे ठरवायला हेकींनी भूकंपाच्या आधीची आणि नंतरची नोंद जोडून एक वक्ररेषा काढली. त्यातला ‘नंतर’ अजून घडलेलाच नाही. टीकाकारांचं बोट नेमकं इथेच आहे: भूकंपानंतर इलेक्ट्रॉन एकाएकी घटले, म्हणून आधीचे जास्त भासले. शिवाय आज सूर्यामुळे भूचुंबकीय वादळही चालू आहे, आभाळ मुळात शांत नाही. हेकींनी आपला दावा सोडलेला नाही, आणि तो खरा ठरावा असं मलाही मनापासून वाटतं. पण आत्ता, या खांबापाशी, त्याच्या भरवशावर कुणाला घराबाहेर काढता येणार नाही.

2 वाजून 46 मिनिटं. जमीन हादरते आणि थांबतच नाही. तीन मिनिटं होऊन जातात. हा खांब तुमच्यासकट समुद्राच्या दिशेने 5.3 मीटर सरकलाय, 1.2 मीटर खचलाय.

आता वर बघा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण तिकडे समुद्राचा पृष्ठभाग उचलला गेला, त्याने हवेला धक्का दिला आणि तो धक्का ध्वनीच्या वेगाने वर निघालाय. हवा विरळ होत जाते तशी ही लाट वाढत जाते. नऊएक मिनिटांत ती आयनांबरात पोचते आणि इलेक्ट्रॉनांमध्ये वर्तुळाकार तरंग जपानवर पसरतात. याबद्दल कुणाचाही वाद नाही.

खाली 2 वाजून 49 मिनिटांनी त्सुनामीचा इशारा निघाला होता: मियागीत सहा मीटर, शेजारच्या इवातेत तीन मीटर लाटा. भूकंपाची तीव्रता कमी धरल्याने हे आकडे तोकडे पडले. ते वाढवले तेव्हा 3 वाजून 14 मिनिटं झाली होती. समुद्र किती उचलला याची खूण त्याआधीच खांबांच्या नोंदींत उतरली होती, पण ती तत्क्षणी वाचून इशारा देणारी व्यवस्था नव्हती. मला हळहळ वाटते ती याची. आधीच्या चाळीस मिनिटांवर इतकी चर्चा झाली, भूकंपानंतरच्या या हातातल्या मिनिटांवर मात्र फार थोडी. तुम्ही थांबू नका, टेकडी चढा.

आणि तिथून थेट जुलै 2025 मध्ये या. रशियाच्या कामचात्कापाशी 8.8 तीव्रतेचा भूकंप झालाय. नासाची ‘गार्डियन’ ही प्रणाली अशाच रेघा आता जवळपास लगोलग वाचते, आणि लाटा हवाईला पोचण्याआधीच तिला आयनांबरात त्यांची चाहूल लागली आहे.