इयत्तेच्या आधीची शाळा

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात नवा शिकाऊ आला की त्याला ‘तू कितवीत?’ असे कोणी विचारीत नाही. तो आधी माती मळतो, मग साच्यात भरतो, पुढे रंगाला हात लावतो. डोळ्यांची आखणी ज्याच्या हाताला साधेल त्याच्याच वाट्याला येते. मग दोन वर्षे लागोत की दहा. लहान मुलांनी कारखान्यात राबावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याविरुद्ध तर आम्ही आजवर भांडत आलो. परंतु शिकण्याची ही चाल एके काळी शाळेचीही होती. ती गेली कशी, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्रजी अमदानीपूर्वी आपल्याकडे पंतोजीची शाळा ओसरीवर नाहीतर देवळात भरे. मुलगा धुळपाटीवर अक्षरे गिरवी, पावकी-निमकी पाठ करी, मोडी वळवी आणि हिशेब जमू लागला की घरच्या धंद्याला लागे. इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षा नव्हती. पुढे गेलेला पोरगा मागच्याकडून घोटवून घेई. मात्र या शाळेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. छडी होती, अर्थ न कळता पाठांतर होते. आणि मुली व अस्पृश्य मानलेली मुले यांना तिथे थाराच नव्हता. ज्याच्या त्याच्या गतीने शिकण्याची सोय खरी, पण कोणासाठी? जोतीराव फुल्यांनी 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली, ती याच प्रश्नापायी.

धुळीत अक्षरे गिरवणारी मुले मद्रासेत अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने पाहिली. आपल्या शाळेत त्याने ती रीत उचलली, थोरल्यांकडून धाकट्यांना शिकवून घेतले आणि 1797 मध्ये लंडनला त्यावर पुस्तक छापले. ‘मद्रास पद्धती’ म्हणून ती तिकडे गाजली. आपलीच धुळपाटी अशी विलायत पाहून आली म्हणायची!

इयत्तेची खरी पकड बसली ती पैशामुळे. 1862 साली इंग्लंडात रॉबर्ट लो याच्या नव्या नियमावलीने सहा इयत्ता ठरवून दिल्या. तपासनीस वर्षातून एकदा येई आणि प्रत्येक मुलाचे वाचन, लेखन व गणित तपाशी. तिन्हींत उतरला तर शाळेला 8 शिलिंग. एका विषयात नापास झाला की 2 शिलिंग 8 पेन्स कापले जात. कामगाराला हे समजावून सांगायला नको. हा नगावरचा दर झाला. माल खराब निघाला की कपात. मास्तरही मग नगाकडेच पाहू लागला. जो लवकर शिकला तो ताटकळला, जो मागे पडला तो मास्तराच्या पोटावर पाय ठरला. पुढे मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदानाची रीत आली. ती रीत कधीच गेली, इयत्ता राहिल्या.

आपल्या गागोद्याचे विनोबा 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईस निघाले आणि वाटेत सुरतेस उतरून काशीला गेले. पण प्रत्येक मुलाला काशी गाठता येत नाही! त्याच्यासाठी शाळाच बदलावी लागते. आमच्या मते ते ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. 1945 साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरांच्या वेळा सांभाळून तिचे वेळापत्रक ठरले.

पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतून आजही दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवण्याची आणि मागे राहिलेले खास शिकवून भरून काढण्याची तरतूद केली. बसवणे सोपे, कारण त्याला हजेरीपट पुरतो. खास शिकवायला माणूस लागतो. 2019 च्या दुरुस्तीने पाचवीत व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. म्हणजे ढकला नाहीतर रोखा. पुस्तक जिथे मिटले तिथूनच जूनमध्ये उघडून देणारा एक जादा शिक्षक प्रत्येक वाडीमागे नेमा, आणि भट्टी पेटलेली असेल त्या महिन्यांत त्याला भट्टीवर पाठवा, ही मागणी आम्ही भट्टी कामगारांच्या मजुरीच्या मागणीच्या शेजारीच लिहितो.