उष्णतामापन
पदार्थांमध्ये देवाणघेवाण होणारी उष्णता मोजण्याची भौतिकीतील पद्धती. १७६० च्या सुमारास जोझेफ ब्लॅक यांनी उष्णता व तापमान या भिन्न राशी असल्याचे दाखवले (पहा : अप्रकट उष्मा). पुढे लव्हाझ्ये व लाप्लास यांनी बर्फाचा कॅलरीमापी वापरला.

बाह्य उष्णतेपासून अलग ठेवलेल्या संहतीत उष्ण वस्तूने गमावलेली उष्णता थंड वस्तूने मिळवलेल्या उष्णतेइतकी असते. ९०° से. तापमानाचे १०० ग्रॅम तांबे ३०° से. च्या २०० ग्रॅम पाण्यात टाकल्यास मिश्रण जेमतेम ३२.७° से. वर स्थिरावते, कारण तांब्याची विशिष्ट उष्माधारकता पाण्याच्या सुमारे एकदशांशच असते (पहा : विशिष्ट उष्माधारकता). यात भांड्याने घेतलेली उष्णता धरलेली नाही. अचूक मापनात ती धरावीच लागते.

वरोरा (जि. चंद्रपूर) परिसरात या तत्त्वाला थेट व्यावहारिक मोल आहे. येथील सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद झाली, तरी वर्धा खोऱ्यात उत्खनन चालू आहे. कोळशाचा नमुना ऑक्सिजनभरल्या बंद पोलादी पात्रात जाळून भोवतालच्या पाण्याची तापमानवाढ मोजतात. त्यावरून काढलेल्या उष्मांक मूल्यानुसार २०१२ पासून भारतात औष्णिक कोळशाची प्रतवारी ठरते (पहा : दगडी कोळसा, औष्णिक वीजनिर्मिती).